धाप लागणाऱ्याने गावे काय?



प्रश्न आपल्याच धर्मग्रामातल्या एका आजींनी विचारला. उभ्या उभ्या उत्तर देऊन तो संपण्यासारखा नव्हता, म्हणून या रविवारी सर्वांपुढे मांडत आहोत. आजींना कित्येक वर्षांपासून दम लागतो. दवाखान्यातल्या फिजिओथेरपीच्या ताईंनी त्यांना सांगितले की औषध चालू ठेवा आणि जोडीला रोज थोडे मोकळ्या आवाजात गात जा, म्हणजे श्वास लांबेल. आजींना येतात ती गाणी चर्चमधली. त्या घरी भक्तिगीते म्हणू लागल्या, मग मिस्सातही पूर्वीपेक्षा मोठ्याने गाऊ लागल्या, आणि एके दिवशी मनात शंका आली. "फादर, मी माह्या छातीसाठी गाणं म्हणते, तं देवाले ते चालन काय?"

"चालन, चालन" म्हणून हसणे सोपे होते. पण जी गोष्ट स्वतःच एक साध्य आहे, तिचा साधन म्हणून वापर करावा काय, हा प्रश्न सेमिनरीत आम्ही दोन वर्षे जाड जाड शब्दांत घोकला आणि आजींनी तो फाटकापाशी उभे राहून एका ओळीत विचारला. त्याच सुमारास गायकवृंदाकडूनही एक सूचना आली. जे खोकतात, ज्यांचा श्वास ओळ संपण्याआधीच तुटतो, त्यांनी पुढच्या बाकांवर न बसता मागे बसावे, म्हणजे गाणे बिघडणार नाही. आम्हाला हे दोन प्रश्न एकाच घरातले वाटतात.

आधी या छातीविषयी थोडे. आपल्या जिल्ह्यात दम लागणारी माणसे एवढी का, याचे एक उत्तर स्वयंपाकघरात आहे. आज ज्या बायका साठीच्या पुढे आहेत, त्यांची निम्मी हयात पऱ्हाट्या, गोवऱ्या आणि ओल्या लाकडांच्या चुलीपुढे गेली. २०१६ नंतर उज्ज्वला योजनेतून पुष्कळ घरी गॅस आला, पण आधीच्या चाळीस वर्षांचा धूर छातीतून निघून गेला नाही. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये तेव्हा काम करणारे डॉ. संदीप साळवी यांनी २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिले की, सीओपीडी म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा जो आजार, त्याच्या रुग्णांपैकी २५ ते ४५ टक्के लोकांनी आयुष्यात कधी विडी-सिगारेट ओढलेली नसते. चुलीचा धूर हे त्यामागचे एक मोठे कारण. म्हणजे ज्या बाईला शेजारीपाजारी "हिला दमा कसा झाला बुवा?" असे विचारतात, तिने उत्तरादाखल फुंकणी दाखवावी.

दुसरे उत्तर कापसात आहे. वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, देवळी, आर्वी या भागात दिवाळी झाली की जिनिंग सुरू होते, रुई आणि सरकी वेगळी होते आणि हवेत बारीक धूळ उडते. वर्षानुवर्षे या धुळीत राबणाऱ्यांना जो छातीचा विकार जडतो, त्याची एक खूण चमत्कारिक आहे. सुटीच्या दिवसानंतर कामावर परतले की पहिल्या दिवशी छाती सर्वांत जास्त आवळते. इंग्लंडच्या कापड गिरण्यांत या दुखण्याला सोमवारच्याच नावाने ओळखत. रविवारी मिस्साला मोकळ्या छातीने आलेला माणूस सोमवारी संध्याकाळी भिंतीला टेकून बसतो. पुढे पुढे वार उरत नाही, रोजचेच होते.

आता गाण्याने यात काय फरक पडतो? निरोगी माणूस श्वास आत घेताना स्नायू वापरतो, बाहेर सोडताना फुप्फुस आपोआप आकसते. या आजारात श्वासनलिका अरुंद आणि ढिल्या झालेल्या असतात. जोराने श्वास सोडला की त्या मध्येच मिटतात आणि शिळी हवा आत अडकते. तिच्यावर नवा श्वास चढतो, छाती फुगलेलीच राहते. माणूस घाबरून भराभर श्वास घेतो, मग आणखी हवा अडकते. दवाखान्यात म्हणून ओठांचा चंबू करून हळू, लांब फुंकर घालायला शिकवतात. तसे केले की आत थोडा दाब टिकतो, नलिका उघड्या राहतात आणि अडकलेली हवा बाहेर पडायला अवधी मिळतो. (फुंकणीपुढे बसून आपल्या बायकांनी आयुष्यभर हेच केले, आणि त्याच फुंकरीच्या बदल्यात धूर आत घेतला. हा व्यवहार आम्हाला अजून नीट पचलेला नाही.)

गाणाऱ्यालाही हेच करावे लागते. ओळीच्या शेवटापर्यंत श्वास पुरवायचा, तो हळूहळू सोडायचा, दोन ओळींच्या मधल्या फटीत पटकन पण खोल, पोटापर्यंत श्वास घ्यायचा, आणि हे सारे खांदे न उचलता. बासरी किंवा सनई वाजवणाऱ्यालाही तेच. तोंडाने वाजवायच्या माउथ ऑर्गनमध्ये तर श्वास ओढतानाही सूर निघतो आणि सोडतानाही, म्हणून अमेरिकेत श्वासाच्या काही रुग्णांना तो मुद्दाम शिकवतात. आपली पेटी मात्र या कामी निरुपयोगी. तिला स्वतःचा भाता आहे, ती वाजवणाऱ्याच्या वाट्याचा श्वास आपणच घेते. पेटी वाजवणाऱ्याने सोबत गायले पाहिजे.

याचा तपास झालेला आहे, आणि तो आहे तेवढाच सांगितला पाहिजे. लंडनच्या रॉयल ब्रॉम्प्टन रुग्णालयात सीओपीडीच्या रुग्णांसाठी गायनाचे वर्ग सुरू झाले. तिथल्या डॉक्टरांना प्रामाणिक शंका आली की फरक गाण्याने पडतो, की चार माणसे एकत्र जमल्याने? म्हणून त्यांनी रुग्णांचे दोन गट केले. एक गट गात असे, दुसरा एकत्र बसून चित्रपट पाहत असे आणि त्यावर गप्पा मारत असे. २०१२ साली निष्कर्ष आले. शारीरिक क्षमतेविषयी रुग्णांनी स्वतः जे सांगितले, त्यात गाणारे पुढे होते. मन रमण्यात मात्र दोन्ही गट सारखे. २०१७ साली जगभरचे असे प्रयोग एकत्र तपासले गेले तेव्हा विचारात घेण्याजोगे अवघे तीन निघाले, आणि त्यांतले सगळे रुग्ण मिळून ११२. गाणे या रुग्णांना सुरक्षित आहे, शरीराच्या एकूण अवस्थेला त्याचा थोडा लाभ दिसतो, पण धाप कमी होते असे या पुराव्यावरून म्हणता येत नाही, असा तो निर्वाळा होता. कोविडनंतर दीर्घकाळ धाप लागणाऱ्यांसाठी लंडनच्या इंग्लिश नॅशनल ऑपेराने २०२० साली डॉक्टरांच्या मदतीने सहा आठवड्यांचा वर्ग काढला. १५० जणांवर त्याची चाचणी झाली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात त्या रुग्णांची मनाची अवस्था आणि काही प्रमाणात धापही सुधारलेली दिसली. त्यांना शिकवलेली गाणी कोणती, तर अंगाई! निरनिराळ्या देशांच्या अंगाई. सोपी, संथ आणि कुणालाही न घाबरवणारी.

आपल्या विदर्भातल्या सिकलसेलच्या मुलांचा विषयही येथे काढला पाहिजे. या मुलांच्या छातीत कळ उठली की दुखते म्हणून ती वरवर श्वास घेतात, फुप्फुसाचा काही भाग मिटतो आणि त्यातून जिवावरचे दुखणे होऊ शकते. अमेरिकेत १९९५ साली अशा मुलांना नळीतून श्वास ओढून चेंडू वर उचलायचे यंत्र दिले आणि जागेपणी दर दोन तासांनी दहा खोल श्वास घ्यायला लावले. रुग्णालयात दाखल झालेल्या १९ खेपांमध्ये फुप्फुसाची गुंतागुंत फक्त एकदा झाली. यंत्र न दिलेल्या १९ खेपांमध्ये ती आठदा झाली होती. हा प्रयोग यंत्राचा होता, बासरीचा नव्हता, हे ध्यानात ठेवावे. पण ज्या मुलाला खोल श्वास घ्यायला शिकवायचे आहे, त्याच्या हाती बरे असतानाच्या दिवसांत पिपाणी किंवा बासरी देण्यात काय हरकत आहे? शेजारी ओरडतील, एवढीच.

आता आजींच्या प्रश्नाकडे येतो. आमच्या मते त्याचे सर्वांत चांगले उत्तर संत ऑगस्टीन यांच्या आयुष्यात सापडते, आणि तेही त्यांच्या छातीत. ३८६ साली ते मिलान शहरात वक्तृत्वशास्त्राचे प्राध्यापक होते. त्या उन्हाळ्यात शिकवून शिकवून त्यांची फुप्फुसे थकली, श्वास जड झाला, छातीत दुखू लागले, आवाज स्पष्ट निघेना. 'कन्फेशन्स' या आत्मकथनात ते हे सारे मोकळेपणाने लिहितात. नोकरी सोडायचे त्यांनी आधीच मनात ठरवले होते, कारण त्यांना प्रभूकडे वळायचे होते. आजाराने प्रथम ते घाबरले. मग त्यांना बरेच वाटले, की लोकांना सांगायला एक खरे कारण मिळाले. हेतू दोन होते, दोन्ही खरे होते, आणि एकाने दुसऱ्याला खोटे पाडले नाही.

त्याच साली त्याच मिलानमध्ये आणखी एक गोष्ट घडली. राजमाता जस्टिना हिला एक चर्च आपल्या पंथासाठी हवे होते. बिशप संत अँब्रोज ते देईनात. लोक रात्रंदिवस चर्च राखत बसले, बाहेर सैनिक होते. माणसे दुःखाने आणि थकव्याने खचू नयेत म्हणून तेथे पूर्वेकडच्या चर्चच्या रीतीने सर्वांनी मिळून स्तोत्रे आणि गीते गाण्यास सुरुवात झाली. ती रीत पुढे पश्चिमेकडे सर्वत्र पसरली, असे ऑगस्टीन सांगतात. म्हणजे आपण आज ज्याला सभेचे गायन म्हणतो, ते त्या शहरात सुरू झाले तेव्हा एका उपयोगासाठी सुरू झाले. खचलेल्या माणसांना तग धरता यावा, हा तो उपयोग. त्यासाठी गायले गेले म्हणून ते स्तवन नव्हते, असे म्हणायला कुणी धजेल काय?

ऑगस्टीन पुढे संगीताविषयी कुरकुरतात, तेही सांगायला हवे. गीतातल्या अर्थापेक्षा त्याच्या चालीनेच आपण अधिक हलतो, याची त्यांना टोचणी लागते. आजींची टोचणी त्याहून निराळी आहे. त्यांना अर्थाने हलवले की चालीने, ते दूरच, त्या तर फुप्फुसांसाठी गातात! पण टोचणी असणे हेच आम्हाला आश्वासक वाटते. केवळ व्यायाम म्हणून गाणाऱ्याला ती लागली नसती.

ॲरिस्टॉटलचे एक उदाहरण आहे. हा माणूस का चालतो? प्रकृतीसाठी. चालणे साधन, प्रकृती साध्य. पण काही कृती अशा असतात की त्यांचे फळ त्यांच्या बाहेर नसते. पाहणे, वाद्य वाजवणे, गाणे ही त्यांतली. आमचे म्हणणे असे की गाण्याचा श्वासाला जो लाभ होतो, तो गाणे गाणेच राहिले तरच होतो. दम लागणारा माणूस श्वासाकडे टक लावून बसला की त्याची धाप वाढते, कारण भीती वाढते. गाण्यात लक्ष श्वासावरून उठते आणि पुढच्या ओळीवर, शेजाऱ्याच्या सुरावर, शब्दावर जाते, आणि तेवढ्यात श्वास आपले काम उरकून घेतो. झोप यावी म्हणून झोपेचा विचार सोडावा लागतो, तसेच हे. म्हणून आजींनी घरून निघताना खुशाल छातीसाठी निघावे. तिसऱ्या कडव्यापर्यंत छाती विसरली की झाले.

एका बाबतीत मात्र आम्ही कडक आहोत. गाण्याने दमा बरा होतो असे कुणी कुणाला सांगू नये. आपला जिल्हा याविषयी चांगला साक्षीदार आहे. गांधीजींनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत, विशेषतः १९४६ साली उरुळी कांचनच्या निसर्गोपचाराच्या काळात, रामनाम हेच सर्व रोगांवरचे औषध असे पुन्हा पुन्हा सांगितले. ते हृदयातून यावे, नुसती ओठांची हालचाल नसावी, ही त्यांची अट. पण हेच गांधीजी १९२४ साली येरवड्याच्या तुरुंगात असताना पुण्याच्या ससून रुग्णालयात अपेंडिक्सची शस्त्रक्रिया करवून घेऊन वाचले होते. आणि त्यांच्याच सेवाग्रामात त्यांच्या डॉक्टर सुशीला नायर यांनी दवाखाना उभा केला, जिथे १९६९ साली वैद्यकीय महाविद्यालय झाले. आजही तेथे आश्रमात सकाळ-संध्याकाळ प्रार्थना होते आणि जवळच कस्तुरबा रुग्णालयात औषधासाठी रांग लागते. एकाच गावातल्या या दोन गोष्टींनी एकमेकींना हाकलले नाही, आम्हीही तसे करणार नाही. ओढायच्या औषधाचा पंप पुष्कळांना लाजेचा वाटतो, मुलीचे लग्न ठरायचे असले तर तो लपवतात. गाणे सुरू केले म्हणून पंप बंद करणे म्हणजे त्या लाजेला भक्तीचे नाव देणे होय.

आता गायकवृंदाची सूचना. तिच्यात खोट काढायला आम्ही बसलो नाही. सुरेल गाणे हीदेखील सेवा आहे आणि मुले-मुली त्यासाठी मेहनत घेतात. शिवाय गाण्यातून रोग पसरतो, हे आपण विसरू नये. मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात एका गायकवृंदाच्या सरावाला ६१ जण जमले होते. त्यांपैकी ५३ जण कोविडने आजारी पडले, दोघे दगावले. म्हणून दोन आठवड्यांहून जास्त खोकला असलेल्याने आधी सरकारी दवाखान्यात बेडका तपासून घ्यावा. ही तपासणी फुकट होते आणि तीत अपमान काहीच नाही. ताप-सर्दीच्या दिवसांत कुणीच सरावाला येऊ नये, उत्तम गळ्याच्यानेही.

पण क्षयाची शंका फिटल्यावरही ज्याचा श्वास तुटतो, त्याने मागे का बसावे? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीचा दस्तऐवज काढला तेव्हा उपासनेत सक्रिय सहभाग हा बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येकाचा हक्क आणि कर्तव्य मानले. त्यात फुप्फुसांची क्षमता विचारलेली नाही. आणि शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातले आनंदवन आपल्याला माहीत आहे. बाबा आमटे आपल्याच हिंगणघाटचे, २६ डिसेंबर १९१४ चा त्यांचा जन्म. वरोऱ्याला त्यांनी कुष्ठरोग्यांना भीक नाकारून काम दिले. पुढे डॉ. विकास आमटे यांच्या पुढाकाराने तेथे 'स्वरानंदवन' हा वाद्यवृंद उभा राहिला. त्यात कुष्ठरोगातून बरे झालेले आहेत, अंध आहेत, अपंग आहेत. ते रंगमंचावर येऊन कार्यक्रम करतात आणि श्रोते बसून ऐकतात. तिथे कुणी कुणाच्या आजारासाठी गात नाही. लंडनच्या वर्गात रुग्णाला गाणे दिले जाते, तो रुग्णच राहतो आणि त्याची मोजमापे घेतली जातात. वरोऱ्याला रुग्ण म्हणून आलेला माणूस गायक म्हणून उभा राहतो. दोन्ही चांगलेच, पण आम्हाला निवड करायची झाली तर दुसरे अधिक आवडेल. आजींना आजारपणाच्या सवलतीत गाऊ देणे निराळे आणि त्यांच्या गाण्याची आपल्याला गरज असणे निराळे.

गरज आहेही. जुन्या चाली ज्यांना पाठ आहेत, ते बहुतेक सगळे आता धापा टाकणाऱ्यांत आहेत. तरुणांना पुस्तकातले शब्द येतात, मधली वळणे येत नाहीत. ती वळणे आजींच्या गळ्यात आहेत, आणि त्या पुढच्या बाकावर बसल्याशिवाय ती कुणाला ऐकू येणार नाहीत.

तेव्हा गायकवृंदाच्या प्रमुखांशी बोलून असे ठरवले आहे. दर शनिवारी संध्याकाळी पाच वाजता शाळेच्या ओसरीत, सर्व दारे-खिडक्या उघड्या ठेवून, अर्धा तास गाणे होईल. सूर नेहमीपेक्षा दोन स्वर खाली धरू. लांब ओळी दोघांनी वाटून घ्यायच्या, एकाचा श्वास संपला की दुसऱ्याने उचलायचे. ज्यांना गाता येत नाही त्यांनी खंजिरी घ्यावी, ती आपल्या भागात घरोघरी सापडते, आणि तिच्या ठेक्यावर मान डोलावत श्वास घ्यावा. सिकलसेलच्या मुलांना आईने सोबत घेऊन यावे, पाण्याची बाटली जवळ असावी. पाठ टेकायच्या खुर्च्या बारा आहेत, आणखी चार कुणाकडे असतील तर कळवावे. चक्कर आली किंवा छातीत दुखले की तिथेच थांबायचे, कुणीही "एवढं कडवं होऊ द्या" म्हणणार नाही. आणि येताना पंप घरी ठेवून येऊ नये, खिशात असावा.

तुमचे धर्मगुरू